परदेशातली फटफटी

मी हे लिहू नये असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. वडील खडवलीजवळ रेल्वेच्या रुळांवर गँगमन आहेत, आणि सही करायला ते मोठेपणी माझ्या चुलत्याकडून शिकले. एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत उभं करायची सवय आमच्याकडे कुणाला नाही. त्यात आणखी एक अडचण. ज्या सरांबद्दल मला लिहायचं आहे ते एका गोष्टीसाठी ओळखले जातात, ती म्हणजे त्यांची मोटरसायकल. आणि मी त्यांना मोटरसायकलवर बसलेलं एकदाही पाहिलेलं नाही. ती गाडीसुद्धा पाहिलेली नाही.

कॉलेजच्या अंकासाठी ‘परिचयातल्या एका व्यक्तीवर लिहा’ असं आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं तेव्हा मी ही अडचण त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, “मग जेवढं पाहिलंस तेवढंच लिही.” म्हणून तेवढंच लिहितो. काही चुकलं तर वाचकांनी माझा कान धरावा, सरांना बोल लावू नये.

कॉलेजात नाव घातलं त्या वर्षी मला ठाण्याला राहायला जागा हवी होती. कोपरीत एका मास्तरांच्या घराला पडवी आहे आणि ती ते विद्यार्थ्याला देतात, असं कुणीतरी सांगितलं. मी वळकटी घेऊनच गेलो. सर कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवत. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. आईंना सगळी आळी माई म्हणे.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पोहता येतं?”

“हो. नदी दाराशीच आहे आमच्या.”

“सायकल?”

“थोडीशी.”

“मोटरसायकल?”

“नाही सर.”

“हरकत नाही. मला येते. माझी आहे.”

मी अंगणात इकडेतिकडे पाहिलं. एक तुळस होती, धुणं वाळत होतं, आणि कुणाचीतरी मांजर होती.

“इथे नाही,” सर म्हणाले. “माझी गाडी परदेशात असते.”

मी वळकटी खाली ठेवली नाही. या माणसाच्या घरात राहावं की नाही, असा विचार मनात आला. तेवढ्यात आतून माईंचा आवाज आला, “घाबरू नकोस रे. वेडा नाही तो. गोव्यात ठेवली आहे.”

गोवा म्हणजे पोर्तुगिजांचा मुलूख. आज मी हे लिहितो आहे तेव्हाही तो त्यांचाच आहे. मुंबईहून आगबोटीत बसलं की दुसऱ्या दिवशी पणजीचा धक्का, भाषा कळणारी, जेवण आवडणारं. पण कागदोपत्री परदेश. सर दर उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जात, गाडी चालवत मनसोक्त हिंडत, आणि सुट्टी संपली की गाडी तिथेच ठेवून परत येत. ठाण्यात ते कुठेही पायीच जायचे.

मात्र पायी चालण्याची त्यांची एक पद्धत होती. कायम रस्त्याच्या डाव्या कडेनं चालायचे आणि वळायच्या आधी हात बाहेर काढायचे. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात आडवा, सरळ, खांद्याच्या रेषेत. थांबायचं असलं की हात वरखाली. कोपरीच्या बोळांत हे फार अवघड व्हायचं, कारण बोळाची रुंदी सरांच्या हातापेक्षा फारशी जास्त नसे. सकाळी खाडीवरून मासळी घेऊन येणारी एक कोळीण नेमकी त्याच वेळी समोरून यायची.

“अवो मास्तुर, हात आवरा! पाटी परंल माजी!”

“बाई, मी आधी इशारा दिला होता.”

“इशारा कसला, माज्या नाकाला लागला त्यो!”

तरी तीच बाई नव्या माणसांना बजावायची, “मास्तुरानं हात कारला का समजायचा, आता वलनार.” आळीतली पोरं त्यांची नक्कल करत. पण नक्कल करता करता सगळ्या पोरांना वाहतुकीचे इशारे पाठ झाले, हेही खरं.

जेवतानाही तसंच, गाडीचीच भाषा. पोट भरलं की म्हणायचे, “माई, आता बास. पण अर्धी पोळी राखीव टाकीत जाईल.” ती अर्धी पोळी ते खरोखर शेवटी, ताक संपल्यावर खात. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मला ते ‘कॉलेज’ म्हणत. “काय कॉलेज, आज काय शिकलास?” मी सांगितलेलं सगळं मन लावून ऐकत. आमच्या घरी असं कुणी विचारत नसे, कारण विचारून कळणार काय, असं त्यांना वाटे. सरांना माझ्या तर्कशास्त्रातलं काही कळत नव्हतं, तरी ते विचारायचे.

गाडी परदेशात का, हे मला आळीतल्या निरनिराळ्या लोकांकडून निरनिराळ्या तऱ्हेनं कळलं. सगळ्यांच्या सांगण्यात जे सारखं होतं ते असं.

लढाई संपली तेव्हा कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान विक्रीला निघालं. लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, कंदील घेतले. सरांनी खाकी रंगाची एक मोटरसायकल घेतली. चालवायला ते स्वतःच शिकले. मोकळी जागा हवी म्हणून खाडीकाठच्या मिठागरांच्या बांधावरून चालवायचे. बांध अरुंद, दोन्ही बाजूंना खारं पाणी. एका सकाळी एक बगळा बांधावर उभा होता. सरांनी भोंगा वाजवला. बगळा हलला नाही. सरांनी वळायचा इशारा दिला, म्हणजे एक हात सोडला, आणि गाडीसकट खाचरात गेले. मिठागरावरच्या म्हाताऱ्या आगऱ्यानं त्यांना ओढून बाहेर काढलं आणि म्हणाला, “अवो मास्तुर, हितं मीठ पिकवतान, मास्तर नाय.”

घरी आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. माईंनी दार उघडलं आणि, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, त्यांना दारात खारवलेला बांगडा उभा दिसला. आधी त्या हसल्या. मग त्यांना कपाळावरची खोक दिसली, आणि हसू गेलं. सरांचा हात धरून त्या म्हणाल्या, “या देशात पुन्हा त्या फटफटीवर बसलास, तर तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.”

सरांनी मान डोलावली, आंघोळ केली, जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांची नजर भिंतीवरच्या नकाशावर गेली. जुना नकाशा होता. सगळा हिंदुस्थान गुलाबी, आणि पश्चिम किनाऱ्यावर तेवढा एक एवढासा तुकडा पिवळा. चहा तसाच ठेवून ते उठले.

“माई, काल तू काय म्हणालीस? ‘या देशात’ म्हणालीस ना?”

“म्हणाले.”

“नक्की?”

“शब्द फिरवायची रीत आपल्या घरात नाही.”

झालं. ठाण्यात इनास नावाचा एक गोवेकर शिंपी होता, सरांचे कोट तोच शिवायचा. त्याची थोरली बहीण इसाबेल म्हापशाजवळच्या गावात राहायची, सुईणीचं काम करायची. घरामागे नारळ ठेवायची खोप होती. गाडी आगबोटीवर चढली आणि त्या खोपीत जाऊन राहिली. वाहन चालवायचा परवाना सरांनी पणजीला काढला. तिथला अधिकारी पोर्तुगीजमध्ये प्रश्न विचारी आणि सर मराठीत उत्तरं देत. अखेरीस सरांनी चौकात गाडीवरून तीन-चार इशारे करून दाखवले, तेव्हा तो अधिकारी उठून उभा राहिला आणि त्यानं शिक्का मारला.

गाडी एवढे महिने दुसऱ्याच्या घरी कशी राहते, हा मला पडलेला प्रश्न. सर त्यावर तासभर बोलू शकत. सुट्टी संपली की तिला दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवायचं, म्हणजे चाकं जमिनीला टेकत नाहीत आणि टायर एका अंगानं बसत नाही. पेट्रोल काढून घ्यायचं. धुराच्या नळीच्या तोंडात चिंधी कोंबायची, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात. लोखंड उघडं असेल तिथे खोबरेल. वरून होडीचं जुनं शीड. आणि इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून खिशात घालायचा. तो बोटाएवढा प्लग वर्षभर सरांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. शाळेत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही.

“गाडी तिकडे आणि प्राण इकडे,” मी एकदा धीर करून म्हटलं.

सर खूश झाले. “अरे कॉलेज, तुला विनोद येतो! घरी सांगितलंस का?”

एका दिवाळीत ते गेले तर गाडीच्या चामडी पिशवीत कोंबडी उबवणीला बसली होती. इसाबेल म्हणाली, उचलते. सर म्हणाले, नको. पिल्लं बाहेर येईपर्यंत त्यांनी गाडी हलवली नाही. सुट्टीतले बरेच दिवस ते गाडीशेजारी पाट टाकून बसले. परत आल्यावर माईंनी विचारलं, “मग काय केलंस रे एवढे दिवस?” तर म्हणाले, “काय करणार? ती आधी आली होती.”

मी विचारलं होतं की स्वतःची वस्तू इतकी लांब ठेवून माणसाला करमतं कसं. त्यावर सरांनी जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. ते म्हणाले, “गाडी दारात असली की माणूस तिच्यावरून भाजी आणायला जातो. परदेशात असली की हिंडायला जातो. आणि हे बघ, वर्गात पोरं बेंचवर झोपलेली असतात, बाहेर ऊन रणरणत असतं, फळा पुसून पुसून हात पांढरा झालेला असतो. तेव्हा मला माहीत असतं की एका खोपीत शिडाखाली माझं काहीतरी माझी वाट पाहतंय. मग पाठ ताठ होते.”

सुट्टीहून परत आले की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. सगळं तोंड रापलेलं आणि डोळ्यांभोवती गॉगलची दोन पांढरी वर्तुळं. माई त्या वर्तुळांवरून हिशेब करायच्या. “या खेपेस ढग होते वाटतं. नीट रापला नाहीस.” माईंनी ‘फटफटी’ हा शब्द शपथेच्या दिवसानंतर उच्चारला नव्हता. त्या म्हणायच्या, “तुझं ते परदेशातलं.” पण सर निघायचे त्या दिवशी डब्यात तिळाची चटणी आणि दशम्या असत, आणि डबा बांधताना त्या विचारायच्या, “त्याला पुरेसं तेल आहे ना रे?”

असं सगळं छान चाललं होतं. मला वाटायचं, सर जगातले सर्वांत हुशार माणूस आहेत, कारण त्यांनी शपथही पाळली आणि गाडीही ठेवली. पण हे सगळं एकाच गोष्टीवर उभं होतं. गोवा परका आहे, या गोष्टीवर.

आणि त्याच दिवसांत गोव्याच्या मुक्तीची हवा तापायला लागली. गावोगाव सभा, प्रभातफेऱ्या. सर मनानं पक्के देशभक्त. बेचाळीस साली त्यांनी पत्रकं वाटली होती. गोव्यात त्यांनी पोर्तुगीज शिपायाला लोकांशी कसं बोलताना पाहिलं होतं, ते सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. पण अलीकडे ते गोव्याचा विषय निघाला की गप्प व्हायचे. एक दिवस पडवीत येऊन माझ्या गादीवर बसले आणि म्हणाले, “कॉलेज, तू तर्कशास्त्र शिकतोस ना? मग सांग. गोवा आपला आहे असं जर मी म्हटलं, तर मी इतकी वर्षं गाडी कुठल्या देशात चालवली?”

मी पुष्कळ विचार केला. “सर, आपला आहे, पण अजून…”

“अजून काय?”

“अजून ताब्यात नाही.”

“माझी गाडी माझ्या ताब्यात नाही. म्हणून ती माझी नाही का?”

 त्यांना उत्तर नकोच होतं, असं वाटतं. ते उठून गेले.

पुढे कल्याणला एक मोठी सभा ठरली. गोव्याचे रस्ते, घाट, नद्या पायाखाली घातलेला माणूस म्हणून सरांना बोलायला बोलावलं. सर नाही म्हणत होते. पण माईंना मुलाचं भाषण ऐकायचं होतं. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, आणि मुलगा काय शिकवतो ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. “मला घेऊन चल रे,” त्या मला म्हणाल्या. मी घेऊन गेलो. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत त्यांना जागा मिळाली. मी मागे उभा राहिलो.

सर नकाशा घेऊनच आले होते. तो टांगला, छडी हातात घेतली आणि शिकवायला सुरुवात केली. मांडवी कुठे उगम पावते. कुठल्या घाटातून कसं वळण आहे. कुठे वाळू, कुठे चिरा. लोक चुळबुळ करायला लागले. शेजारचा एकजण म्हणाला, “मास्तर, परीक्षा आहे का उद्या?” हशा झाला. अध्यक्ष जरा पुढे झुकून म्हणाले, “सर, भूगोल उत्तम झाला. आता मुद्द्यावर या. लोकांना एवढंच सांगा, गोवा कुणाचा?”

सर थांबले. छडी नकाशाला टेकलेली तशीच राहिली.

“बोला मास्तर!” मागून कुणीतरी ओरडलं.

सरांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. माई तिथे बसल्या होत्या, पदर सावरून, मान थोडी वर करून. इतक्या माणसांत सरांना काय अडलं आहे हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. “गोवा मुक्त झालाच पाहिजे” एवढं म्हणून सुटता आलं असतं. आधीच्या दोघा वक्त्यांनी तेच म्हटलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. सर घोटभर पाणी प्यायले.

“गोवा आपला आहे,” ते म्हणाले. “उद्या होणार म्हणून नाही. होताच. ही नदी ज्या डोंगरात उगम पावते तो डोंगर आपल्याकडे आहे, आणि तिनं सीमेवर थांबून कधी कुणाला परवाना दाखवलेला नाही. मी ती पाहिली आहे. मी तिथलं पाणी प्यायलो आहे. ते परक्याचं पाणी नव्हतं. मला हे कळत होतं, तरी मी स्वतःच्या सोयीसाठी त्याला परदेश म्हणत होतो.” मग त्यांनी छडी खाली ठेवली, बायकांच्या बाजूला वळून हात जोडले. “माई, चुकलो.”

सगळ्यांना वाटलं, सर भारतमातेला उद्देशून बोलले. टाळ्या थांबेनात. एकानं घोषणा दिली. अध्यक्षांनी उपरण्यानं डोळे पुसले. माई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या शेजारच्या बाईला सांगत होत्या, “अहो, तो माझ्याशी बोलतोय.”

परत येताना आम्ही कल्याणच्या फलाटावर बाकावर बसलो होतो.  मग माई म्हणाल्या, “भूगोल चांगला शिकवतोस रे.”

“माई, आता ठरलं. गोवा आपला, म्हणजे शपथ तिथेही आहे. गाडी बंद.”

“बरं,” माई म्हणाल्या.

मला रागच आला. शपथ मोडायला काय लागतं? आमच्याकडे लहान पोरंसुद्धा जाणतात, की ज्यानं शपथ घातली त्यानं ‘सुटली’ म्हटलं की ती सुटते. माईंनी एक शब्द उच्चारायचा अवकाश होता. तो त्यांनी त्या दिवशी उच्चारला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंही नाही. शेवटी एका दुपारी त्या वाल सोलत बसल्या होत्या तेव्हा मी विचारलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “त्याला वाटतं, ‘या देशात’ ही फट त्यानं शोधली. फट मी ठेवली होती. बाप नसलेलं एकुलतं एक पोर, त्याला सगळं बंद करून कसं चालेल? पण आता एवढ्या माणसांसमोर त्यानं शब्द पाळला. मी लगेच ‘सुटली’ म्हटलं तर त्याच्या शब्दाला काय किंमत राहील? थोडे दिवस त्याचा शब्द त्याच्याजवळ राहू दे.”

ते थोडे दिवस लांबले. त्या पावसाळ्यात सीमेवर सत्याग्रह्यांवर गोळ्या चालल्या, माणसं गेली, आणि सीमा बंद झाली. आगबोट बंद, टपाल अडलेलं. आता शपथ सुटली असती तरी सरांना जाता आलं नसतं.

इनास शिंप्याची म्हातारी आई तिकडे आजारी होती. त्याला मोठ्या खटपटीनं परवानगी मिळाली आणि तो दुकान आवरून निघाला. सर त्याला भेटायला गेले, मी बरोबर होतो. सरांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लग काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“हे कशाला, मास्तर?” इनास घाबरला. “हे तुमच्याकडेच असतं.”

“इसाबेलला दे. तिला बाळंतपणाला गावोगाव चालत जावं लागतं ना? तिला सांग, गाडी नुसती उभी राहिली की मरते. कुणीतरी चालवायला हवी. वळताना हात दाखवायचा म्हणावं. एवढंच.”

परत येताना बोळात सर उजवीकडे वळले, तेव्हा हात बाहेर काढला नाही. समोरून कोळीण येत होती. ती सवयीनं वाकली, आणि मग वाकलेलीच थांबली. “मास्तुर, हात नाय कारला तो?” सर म्हणाले, “राहिलं, बाई.” ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “यांना ताप हाय का रं?”

त्यानंतर फार दिवस बातमी आली नाही. गाडी पोचली का, म्हणजे तिचा प्राण पोचला का, चालते का गंजली, काहीच कळलं नाही. सर विचारतही नव्हते. मला विचारायचे, “आज काय शिकलास?” आणि ऐकता ऐकता त्यांचं लक्ष जायचं. राखीव टाकीतली अर्धी पोळी त्यांनी सोडली. पोळ्या मोजून करायची सवय असल्यामुळे ती रोज उरायची आणि मला खावी लागायची.

मी शेवटच्या वर्षाला आलो. हिवाळ्यातला रविवार होता, सकाळची कामं आटोपली होती. सर अंगणात उन्हाला बसले होते, मी पडवीत वाचत होतो. दारात एक काळासावळा तरुण उभा राहिला, हातात पत्र्याची पेटी.

“मास्तर हांगाच रावतात?”

इनासचा भाचा होता तो. बोटीवर स्वयंपाक्याची नोकरी मिळाली म्हणून परवानगी काढून, बेळगावकडून फिरून मुंबईला निघाला होता. सर उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

“गाडी?” त्यांनी एवढंच विचारलं. मग लाजून म्हणाले, “म्हणजे, बस. पाणी घे. इनास बरा आहे ना? आई?”

“आजी गेली, मास्तर. इनासमामा बरा आसा.” आणि मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं. “आणि गाडी धावते!”

पुढचं मी माझ्या भाषेत लिहितो, कारण तो कोकणी आणि मराठी मिसळून फार भराभर बोलत होता. इसाबेल नारळांच्या बागेत गाडी चालवायला शिकली, दोन झाडांना धडकली. गाव हसलं. पाद्री रागावला, बाईमाणसानं असं दोन्हीकडे पाय टाकून बसू नये म्हणाला. मग पाद्र्याच्याच बहिणीचं बाळंतपण पावसात अडलं. इसाबेल चिखलातून गाडीनं वेळेवर पोचली. मुलगा झाला, आई वाचली. आता पाद्री स्वतः तेलाचा डबा आणून देतो. त्या मुलाला सगळं गाव ‘मास्तर’ म्हणून हाक मारतं.

“मला?” सर म्हणाले.

“तुम्हाला नाही, त्याला. तो अजून रांगतो.”

सरांनी तोंड फिरवलं आणि उगाच तुळशीची वाळलेली पानं खुडायला लागले.

“पण एक सांगायचं राहिलं,” भाचा अडखळला. “इसाबेलमावशी म्हणाली, मास्तर रागावतील. तिनं गाडीत बदल केला. मागे ती सामानाची लोखंडी जाळी होती ना, ती काढली. तिथे सीट बसवली. लोहारानं केली, गादी काथ्याची. कधी बाळंतिणीच्या आईला आणावं लागतं, कधी कुणाला.”

मी पुस्तक मिटलं. सर तर त्या गाडीचा एक स्क्रूही कुणाला बदलू देत नसत. ते काही बोलायच्या आत माई दारात आल्या. त्या आतून सगळं ऐकत होत्या.

“घट्ट आहे का?” त्यांनी विचारलं.

“काय, माई?”

“सीट.”

“पाद्री बसतो तिच्यावर,” भाचा म्हणाला. “हा एवढा माणूस आहे.”

“पाय कुठे ठेवायचे?”

“दोन्ही बाजूंना. खुंट्या आहेत.”

“मग नऊवारीला काहीच अडचण नाही,” माई म्हणाल्या. त्यांनी हात पुसले, सरांपाशी गेल्या आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “सुटली.”

सर लहान मुलासारखे बघत राहिले. “काय म्हणालीस?”

“शपथ सुटली. पण मी मागे बसलेली असेन तेवढीच सुटली. एकट्याला नाही.”

“माई, तुला झेपणार नाही. आणि सीमा बंद आहे.”

“आज बंद आहे. भर सभेत आपला आहे म्हणून सांगितलंस ना? मग उघडेल की. मी काही उद्या मरत नाही.”

सर धावतच आत गेले, भिंतीवरचा नकाशा खिळ्यासकट काढून आणला आणि अंगणात पसरला. भाचा एका टोकावर बसला, मी दुसऱ्या. सरांचं बोट पिवळ्या तुकड्यावरून भराभर फिरायला लागलं. “हे बघ माई, म्हापशाहून निघालो की इथे नदी. इथे तर, म्हणजे गाडी होडीतून पलीकडे. मग इथून सरळ, दोन्हीकडे भातशेती. आणि इथे मात्र मोठा चढ आहे हं, दोन माणसांचं ओझं गाडीला जरा…”

“चढावर मला खाली उतर म्हणायचं नाही,” माई म्हणाल्या. “आत्ताच सांगून ठेवते.”